तुम्ही विचारलंत म्हणून : मॅकवर विंडोज कशासाठी?

बडोद्यात दांडिया बाजारात माझी ग्रेडिंगची, म्हणजे फिल्मचे रंग सुधारायची, खोली आहे. लग्नाच्या फिल्म करणारे येतात, माहितीपट करणारी मुलं येतात, अधूनमधून फाइन आर्ट्सचे विद्यार्थीही येऊन बसतात. मॉनिटरचे रंग मोजून जुळवायचं काम चालू असताना कुणी आलं, की प्रश्न ठरलेला असतो. टेबलावर मॅक, मॅकच्या पडद्यावर विंडोज उघडलेलं, आणि समोरच्या मोठ्या मॉनिटरवर एकामागून एक राखाडी चौकोन. "ताई, एवढा मॅक आहे तर विंडोज कशाला? आणि असं मॅकच्या पोटात चालणाऱ्या विंडोजने मोजलेला रंग खरा कसा मानायचा?"

हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर छोटं आहे. मी वापरते ते कलरस्पेस हे जुळवणीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, आणि माझं सगळं ग्रेडिंग मॅकवर, रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. काही मॉनिटरवाले आपलं जुळवणीचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे देतात, उदाहरणार्थ आयझो. पण माझ्या मॉनिटरला थ्रीडी लट, म्हणजे रंगदुरुस्तीचा तक्ता, बनवून घालावा लागतो, म्हणून मी मॅकच्या आत दुसरी प्रणाली चालवणाऱ्या पॅरलल्समध्ये विंडोज चालवते.

दुसरा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण विचारणाऱ्याने नेमक्या जागी बोट ठेवलेलं असतं.

चित्राचा रस्ता वेगळा आणि मोजमापाचा रस्ता वेगळा, हे एकदा डोक्यात बसलं की शंका राहत नाही. मॉनिटरवर दिसणारा चौकोन विंडोज काढत नाही. तो रिझॉल्व्ह काढतो, मग थंडरबोल्टच्या वायरने, चित्राचा सिग्नल बाहेर काढणाऱ्या अल्ट्रास्टुडिओच्या डबीत जातो आणि तिथून एसडीआयच्या वायरने मॉनिटरला पोचतो. रोज ग्रेडिंग करताना चित्र ज्या वाटेने जातं, तीच ही वाट. विंडोजमधलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून रिझॉल्व्हला एवढंच सांगतं, की आता अमुक राखाडी दाखव. पडद्यासमोरचा रंग मोजणारा सेन्सर तो वाचतो आणि आकडा यूएसबीने विंडोजकडे जातो. विंडोजचं काम निरोप पाठवायचा आणि आकडे लिहून घ्यायचे. रंगाला ते हातच लावत नाही.

चूक होते ती इथे. मॉनिटर सरळ मॅकच्या एचडीएमआयला जोडायचा, विंडोजची खिडकी त्यावर ओढायची आणि तिच्यातच चौकोन काढायचे. मग मधे पॅरलल्सचं आभासी ग्राफिक्स कार्ड आलं, मॅकचं रंग-प्रोफाइल आलं, रात्री पडदा पिवळसर करणारं नाइट शिफ्ट चालू राहिलं असेल तर तेही आलं. मोजमाप होतं, आलेखही सुरेख येतात, पण मोजलेली वाट कामाची वाट नसते. असा लट घालून बसलेले दोघेजण तरी माझ्याकडे आले आहेत, आणि दोघांनाही वाटत होतं की मॉनिटरच बिघडलाय.

जोडणीत वेळ जातो तो दोन ठिकाणी. सेन्सर लावला की पॅरलल्स विचारतं, हे यंत्र मॅकला द्यायचं की विंडोजला. विंडोजला द्या, आणि तेच कायमचं ठरवून टाका. दुसरं म्हणजे रिझॉल्व्हच्या वर्कस्पेस मेनूत मॉनिटर कॅलिब्रेशन आहे, तिथे विंडोजचा आयपी पत्ता टाकायचा. जोडलं जात नसेल तर आधी विंडोजची फायरवॉल बघा. माझी एक अख्खी दुपार तिच्यात गेली होती.

माझा मॅक अजून इंटेलचा आहे. नोव्हेंबर २०२० पासून अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले, त्यांवर मॅक थेट विंडोजमध्ये सुरू करणारं बूट कॅम्प नाही, आणि पॅरलल्समध्ये चालतं ते एआरएम जातीच्या चिपसाठीचं विंडोज. साधे प्रोग्राम तिथे रूपांतर होऊन चालतात, ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत. म्हणून नवा मॅक घेण्याआधी एवढंच तपासा, की आपल्या सेन्सरला वेगळा ड्रायव्हर लागतो का. आय वन डिस्प्ले प्रो हा सेन्सर कीबोर्ड-माउससारखा ओळखला जातो, त्याला लागत नाही. सगळी यंत्रं तशी नसतात.

आता हा सगळा खटाटोप मी का करते, ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका लग्नाची फिल्म मी डोळ्यांच्या भरवशावर ग्रेड केली. हळदीचा प्रसंग अंगणातला, सकाळचं ऊन, पितळी वाटीत कालवलेली हळद, मुलीच्या दंडावर ओल्या हळदीचा पट्टा आणि त्याच्या कडेने सुकून फिकट झालेली रेघ. मला ते फार सुंदर वाटलं होतं. त्यांच्या घरी टीव्हीवर लावल्यावर आजी म्हणाल्या, "हिचं तोंड असं लालभडक का दिसतंय गं? ताप होता का हिला त्या दिवशी?" माझा मॉनिटर हळूहळू हिरवट होत गेला होता आणि ते लपवायला मी शॉटगणिक हिरव्याच्या उलटा मजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी, घालत गेले होते. डोळा सरावतो, त्याला काही खटकत नाही. चार रात्री बसून सगळी फिल्म पुन्हा केली. आजींना ती दुसऱ्यांदा दाखवायला मी स्वतः गेले.

माझे काका चित्रकार होते. उत्तरेच्या खिडकीशिवाय ते रंग कालवत नसत. ऊन थेट येत नाही, उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून. आमच्या धंद्यातली उत्तरेची खिडकी म्हणजे डी ६५ हा ठरवून दिलेला पांढरा. आकड्यांत सांगायचं तर रंगांच्या नकाशावर त्याची जागा ०.३१२७ आणि ०.३२९०. त्याबरोबर १०० निटचा उजेड आणि २.४ चा गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड चढायची रीत, की टीव्हीसाठीच्या रेक ७०९ मानकाचा मॉनिटर तयार.

पांढऱ्याचे हे आकडे सीआयई या प्रकाश आणि रंगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९३१ सालच्या मानकावर उभे आहेत, आणि ते मानक इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगांवर. राइटने १० माणसांचे डोळे तपासले, गिल्डने ७. सतरा जणांच्या नजरेवर सगळ्या जगाचे पडदे जुळवले जातात, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते. म्हणूनच आकडे तंतोतंत जुळूनही ओलेड आणि एलसीडी या दोन जातींचे पडदे शेजारी ठेवले तर पांढरा वेगळा दिसू शकतो. तिथे शेवटी डोळ्यालाच विचारावं लागतं. पण सरावलेल्या नाही, ताज्या डोळ्याला.

बाकी रीत साधी आहे. मॉनिटर तासभर आधी चालू ठेवायचा. आधीचा लट काढून टाकायचा, नाहीतर जुन्या दुरुस्तीवर नवी दुरुस्ती चढते. रिझॉल्व्हमध्ये लेव्हल, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या हद्दी, व्हिडिओ आहेत की फुल, हे मॉनिटरशी जुळवून बघायचं. दहा बिटच्या व्हिडिओ लेव्हलमध्ये काळा ६४ वर आणि पांढरा ९४० वर असतो, तिथे घोळ झाला तर पुढचं सगळं वाया. चौकोन बदलल्यावर सेन्सर किती थांबून वाचेल तो वेळ थोडा वाढवायचा, कारण नेटवर्कवरून निरोप जाऊन चित्र बदलायला क्षणभर लागतो आणि घाई केली तर आधीचाच चौकोन मोजला जातो. लाल, हिरवा, निळा प्रत्येकी सतरा पायऱ्यांच्या लटमध्ये ४९१३ बिंदू असतात. ते सगळे मोजावे लागत नाहीत, तरी काळ्याजवळचे चौकोन फार सावकाश वाचले जातात. मॅकची झोप बंद करा, विंडोजचीही. आणि मॉनिटर, मॅक दोन्ही यूपीएसवर ठेवा.

झालं की मी तोच हळदीचा शॉट लावते. दंडावरची ओली हळद आणि कडेची सुकलेली रेघ वेगळी दिसली की लट ठेवते, नाहीतर पुन्हा मोजते.

पुढचं मोजमाप येत्या रविवारी रात्री आहे. बघायचं असेल त्यांनी दहाच्या आत यावं. नंतर मी दार उघडत नाही, जिन्यातल्या दिव्याचा उजेड आत येतो.