गॅदरिंगमधली रजनी

आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावात कापसाची पहिली-दुसरी वेचणी उरकली की शाळेच्या गॅदरिंगची चाहूल लागायची. दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडून स्टेज व्हायचं. पडद्याला कुणाच्या तरी घरची सतरंजी, आणि लाइट गेलीच तर पेट्रोमॅक्स भरून तयार. जानेवारीच्या थंडीत बायका गोधड्या पांघरून दोन तास आधीच जागा धरायच्या. शेवटच्या दिवशी वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत. तीन दिवस गाव शाळेतच नांदायचं.

नाटुकली ठरलेली असायची. एक ऐतिहासिक, एक हुंड्यावरची. त्या हुंड्याच्या नाटुकलीत मुलींच्या वाट्याला दरवर्षी रडणं यायचं. मी सातवीत होते तेव्हा रडण्यासाठीच माझी निवड झाली होती.

१९८५ची दिवाळीची सुट्टी मी धुळ्याला मामांकडे घालवली. मामांकडे नवा टीव्ही होता. तिथे मी ‘रजनी’ पहिल्यांदा पाहिली. बासू चॅटर्जींची ती मालिका. साध्या साडीतली एक घरातली बाई. कुणी फसवलं, अडवलं, नाडलं, की ती समोर उभी राहून विचारायची. आवाज चढवायची, पण तोल सोडायची नाही. मामी स्वयंपाक सोडून दाराशी उभ्या राहून बघायच्या. एका भागावरून मुंबईतले टॅक्सीवाले इतके चिडले की त्यांनी दूरदर्शनवर मोर्चा नेला, हे मामांकडूनच कळलं. पडद्यावरच्या बाईचं बोलणं खऱ्या माणसांना एवढं झोंबू शकतं, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

ती प्रिया तेंडुलकर. विजय तेंडुलकरांची मुलगी. १९७४च्या ‘अंकुर’मध्ये ती अनंत नागच्या बायकोच्या भूमिकेत होती, मराठी चित्रपटही तिने केले होते. पण देशाने तिला ओळखलं ते रजनी म्हणूनच.

सुट्टीहून आले आणि मराठीच्या सरांना म्हणाले, मला रडायचं नाही, रजनी व्हायचंय. सरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मालिकेतली रजनी गॅसच्या टाकीवरून भांडते, पण आपल्या गावात गॅसची टाकी कुणाकडे आहे, असं त्यांनी विचारलं. एकाकडेही नव्हती. मग म्हणाले, आपल्या बायका रांग कशासाठी लावतात? रेशनच्या रॉकेलसाठी. झालं, रजनी रेशन दुकानात शिरली.

दुसरी गोष्टही सरांचीच. रजनी अहिराणीत बोलेल, असं त्यांनी ठरवलं. गॅदरिंग म्हणजे शुद्ध मराठी, हा तेव्हाचा नेम. अहिराणी घरात, शेतात, पाणवठ्यावर; शाळेच्या पायरीवर ती चपलेसारखी काढून ठेवायची. हेडसर आधी नाही म्हणाले, पण एक तालीम बघितली आणि काही न बोलता मान हलवली. मला आजही वाटतं, त्या वर्षी शाळेने आम्हाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती होती.

मायची गोल साडी दुमडून दुमडून मला नेसवली. सरांनी पत्र्याचं लिटरचं माप आणून त्याच्या बुडाला हातोडीने पोचा पाडला. बाहेरून माप साजरं, आत रॉकेल कमी. रेशनवर हेच चालायचं आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त कुणी बोलत नव्हतं.

स्टेजवर मी ते माप उलटं करून बायकांच्या बाजूला धरलं आणि म्हणाले, “पैसा पुरा देस ना मी? मंग माप बी पुरं भर!”

आधी हशा झाला. मग एकदम शांत. मला वाटलं, चुकलं काही तरी. तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, “बराबर शे, बेटा!” आणि टाळ्या सुरू झाल्या.

पुढच्या महिन्यात दोघी-तिघी रेशनवर घरून माप घेऊन गेल्या. त्यात माझी माय होती. दुकानदार तेव्हा काही बोलला नाही. होळीनंतर दुकानात नवं माप आलं. त्याच वर्षी, १९८६च्या २४ डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायदा झाला, तेव्हा सरांनी वर्गात वर्तमानपत्र आणून बातमी मोठ्याने वाचली आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं.

वर्षभर गाव मला रजनीच म्हणायचं. “काय व रजनी, कथी चालनी?”

प्रिया मात्र रजनीपाशी थांबली नाही. तिने कथा लिहिल्या, टीव्हीवर स्वतःच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रम चालवला. १९९५ला ‘हम पांच’ सुरू झाली. त्यात ती अशोक सराफांची वारलेली पहिली बायको होती, भिंतीवरच्या फोटोतून नवऱ्याशी बोलणारी. नुसत्या चेहऱ्यावर आणि आवाजावर तिने ती भूमिका पेलली. हलायला चौकटीबाहेर जागाच नव्हती.

१९ सप्टेंबर २००२ला ती गेली. सत्तेचाळीस वर्षांची होती. मी तोवर आमच्याच शाळेत शिकवायला लागले होते. संध्याकाळी घरी सांगितलं तर माय भाकरी थापता थापता थांबली. “आपली रजनी गयी?” एवढंच म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली त्या दिवशी.

त्या जानेवारीत मी जुनी नाटुकली पुन्हा बसवली. सातवीतली एक मुलगी रजनी झाली. तिने मूळ मालिका पाहिलेली नव्हती, तिच्या जन्माआधीची ती गोष्ट. पोचा पाडलेलं माप सरांनी जपून ठेवलं होतं. ते निवृत्त झाले होते, तरी सकाळीच स्वतः आणून दिलं, फडक्यात गुंडाळलेलं.

पोरीने माप उलटं केलं. “पैसा पुरा देस ना मी?” असं म्हणून तिने श्वास घेतला, आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, “मंग माप बी पुरं भर!” एक नव्हे, पाच-सात आवाज. त्यातला मायचा मी विंगेतून ओळखला.

त्या रात्री वरण-बट्टीची पंगत साडेअकरापर्यंत चालली. वाढायला मी आणि ती पोर होतो. तिने साडी बदलली नव्हती.