बालाघाटच्या उतारावर ट्रॅक लोडर शिकताना

धारूरच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरउतारावर सीताफळाच्या बागेसाठी मजग्या (पायऱ्यांसारखे सपाट टप्पे) काढून दगडी बांध घालण्याचे काम आमच्या ठेकेदाराने घेतले, तेव्हा मला जेसीबीचा सराव होता; रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या छोट्या लोडरवर मात्र मी कधी बसलो नव्हतो. त्या अरुंद वाटेने मोठे यंत्र वर जाणे शक्य नसल्याने ट्रॅक लोडर भाड्याने आणला गेला, आणि त्याच्याबरोबर आलेल्या जाणत्या ऑपरेटरच्या हाताखाली मला शिकायला ठेवले. त्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू.

काकांनी आधी यंत्र सुरू करूच दिले नाही. "अगोदर पायी फिरून ये, मग चावी मागायची," असे त्यांनी सांगितले, आणि ते किती योग्य होते हे गवतात दडलेले गोटे, बुजत आलेले जुने चर आणि मुरमाच्या मधूनच निघणारे काळ्या मातीचे पट्टे पाहिल्यावर पटले. त्यानंतर आम्ही पाण्याच्या नळीने उतार मोजला. आडव्या १० फुटांना ३ फूट उतार म्हणजे ३० टक्के, पण अंशांत तो जेमतेम १७ भरतो. १०० टक्के उतार म्हणजे ४५ अंश. यंत्राच्या पुस्तिकेत मर्यादा अंशांत दिलेली असेल आणि आपण टक्क्यांत बोलत असू, तर मोठा घोटाळा होऊ शकतो, म्हणून काका दोन्ही आकडे वहीत लिहायला लावत. ही मर्यादा केवळ उलटण्यापुरती नसते. यंत्र फार कलले की इंजिनातील ऑइल एका बाजूला जाते, पंप हवा ओढू लागतो आणि इंजिनाला वंगण मिळेनासे होते.

खरा धडा वजनाचा होता. रिकाम्या लोडरचे इंजिन मागे असल्याने मागची बाजू जड असते. बकेट भरली की पुढची बाजू जड होते. जड बाजू नेहमी चढाकडे ठेवायची, हा नियम. म्हणून भरलेली बकेट घेऊन चढायचे ते सरळ तोंडाने आणि उतरायचे ते रिव्हर्समध्ये. रिकामे असताना नेमके उलट, चढायचे रिव्हर्समध्ये आणि उतरायचे सरळ. ऐकायला हे सोपे वाटते, परंतु बकेट रिकामी होते त्याच क्षणी यंत्राची जड बाजू बदलते, आणि त्या वेळी आपण उतारावर असलो तर वळायला सुरक्षित जागा नसते. त्यामुळे काकांनी कामाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आधी सपाट जागा तयार करून घेतल्या. भरणे, ओतणे आणि वळणे तिथेच; उतारावर केवळ सरळ वर किंवा सरळ खाली जाणे. माझ्या मते उतारावरच्या कामाचा निम्मा शहाणपणा या दोन सपाट जागांमध्ये आहे, आणि घाईच्या ठेकेदारांकडून नेमके तेच काम टाळले जाते.

उतारावर हे यंत्र जपून का वापरावे, हे त्याच्या जन्मकथेवरूनही समजते. या जातीच्या लोडरचे मूळ १९५७ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात केलर बंधूंनी टर्की कोंबड्यांचे खुराडे साफ करण्यासाठी बनवलेल्या छोट्या यंत्रात आहे, म्हणजे ते जन्मले सपाट जमिनीसाठी. रबरी पट्टे त्याला नंतर आले. पट्ट्यांमुळे वजन पसरते आणि पकड वाढते, पण वजन पेलण्याची क्षमता सपाट जमिनीवरच मोजलेली असते. पट्ट्याच्या लोडरला उलटायला लागणाऱ्या वजनाच्या ३५ टक्के एवढेच वजन कामाचे धरतात. उलटायला लागणारे वजन २८०० किलो असेल, तर सपाटीवरही ९८० किलोच. चढावर काका बकेट काठोकाठ भरू देत नसत आणि ती जमिनीलगतच ठेवायला लावत.

वळण्याबाबत ते फार कडक होते. एक पट्टा पुढे आणि दुसरा मागे फिरवून जागच्या जागी वळल्यास खालच्या पट्ट्यावर सगळा भार येतो, त्याखालची माती सरकते आणि सैल पट्टा रोलरवरून उतरू शकतो. उताराला आडवे चालण्यातही तोच धोका असतो. त्यामुळे रोज सकाळी पट्ट्यांचा ताण पाहणे आणि संध्याकाळी पट्ट्यांत अडकलेला मुरूम काढणे हा कामाचाच भाग होता. पावसाची सर आली की यंत्र सपाट जागी लावून काम थांबे, कारण ओल्या काळ्या मातीने पट्ट्यांच्या खाचा भरल्यावर पकड उरत नाही. सीट बेल्टशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, आणि यंत्र कललेच तर बाहेर उडी न मारता आत घट्ट बसून राहायचे, कारण केबिनचा सांगाडा आतल्या माणसाला वाचवण्यासाठीच असतो, हे ते पुनःपुन्हा सांगत. यंत्राच्या खालच्या बाजूला हेल्परने उभे राहायचे नाही, ही सक्ती तर मजुरांनाही होती.

माथ्याकडचा शेवटचा टप्पा पुस्तिकेतील मर्यादेच्या पलीकडे भरला. ठेकेदाराने यंत्र थोडे वर घ्यायला सांगितले, तेव्हा काकांनी वही पुढे केली आणि शांतपणे नकार दिला. आम्ही दगड वरच्या सपाट जागेपर्यंत पोहोचवले, आणि तिथून पुढचे बांध मजुरांनी हाताने रचले. काम त्यामुळे लांबले, मजुरीही जास्त लागली, तरी ठेकेदाराने तो हिशेब मान्य केला.