अल्बमची नोंद ७ : गंधाराविना अडलेलं गाणं

नऊपैकी सहा गाणी झाली. आणि ज्या चौथ्या गाण्याबद्दल गेल्या नोंदीत रडले होते, ते अखेर सुटलं.

या अल्बमची सुरुवात एका नात्याच्या शेवटानंतर झाली, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. चौथं गाणं त्यातल्या मधल्या दिवसांचं. रडून झालेलं असतं, पण बरंही वाटत नसतं, ते दिवस. मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरांत, वाजवलं की गाणं रडकं व्हायचं, मेजरमध्ये, म्हणजे आनंदी वाटणाऱ्या स्वरांत, वाजवलं की खोटं. तीन आठवडे मी शब्दांना दोष देत बसले होते.

शेवटी गिटार डॅडगॅड नावाच्या ट्यूनिंगमध्ये लावली. ज्यांनी अजून हात घातला नाही त्यांच्यासाठी : नेहमीच्या ट्यूनिंगमधून सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन फ्रेटांइतकी (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या) उतरवायची. डी, ए, डी, जी, ए, डी. ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकात हे ट्यूनिंग लोकगीतं वाजवणाऱ्यांत रुजवलं. आपल्या भाषेत डीला सा धरा, म्हणजे मोकळ्या तारा सा, प, सा, म, प, सा अशा वाजतात. गंधारच, म्हणजे ग, नाही! मायनरचा कोमल नाही, मेजरचा शुद्धही नाही, त्यामुळे दुःखी की आनंदी हे गिटार ठरवतच नाही. पहिल्यांदा सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या तेव्हा मी पुढचं काही न वाजवता नुसती ऐकत राहिले. गाण्याला हेच हवं होतं.

मग शब्दही बदलले. आधी ‘तू का गेलास’ ही ओळ तीनदा येत होती, ती पूर्ण काढली. तिथे आता एकच ओळ आहे : ‘दार उघडंच आहे, वाट मात्र बघत नाही.’ ‘मात्र’वर आवाज थोडा खाली येतो, तो तसाच ठेवलाय.

उतरवलेली सहावी तार सैल पडून फ्रेटवर खरखरत होती. बारा नंबरच्या तारांचा संच काढून जास्त जाड, तेराचा चढवला, खरखर बरीच गेली. तरी सैल तार जोरात दाबली की सूर चढतो, त्यामुळे डावा हात हलका ठेवावा लागतो. सवय व्हायला आठवडा गेला.

रेकॉर्डिंगला आवाज आणि गिटार एकत्रच घेतले, एकाच कंडेन्सर माइकवर. आधी वेगवेगळे घेऊन पाहिले होते. स्वच्छ आले, पण गाणारी एक आणि वाजवणारी दुसरीच वाटत होती. एकत्र घेतलं की नंतर फक्त आवाजाची चुकलेली ओळ बदलता येत नाही, ही किंमत आहे आणि मला ती मान्य आहे. क्लिक, म्हणजे कानात वाजणारा तालाचा ठोका, तोही बंद केला. मिनिटाला ७२ ठोक्यांच्या लयीत सुरू झालेलं गाणं शेवटच्या कडव्यात ६८ वर येतं, आणि तिथे ते यायलाच हवं. अकरा टेक झाले, ठेवला तिसरा. त्यात शेवटच्या ओळीआधी माझा श्वास ऐकू येतो. तो कापायला सांगू नका, कापणार नाही.

आता खरी गंमत. नववं गाणं याच ट्यूनिंगमध्ये, याच बोटांच्या चालीवर आहे. फरक एवढाच की शेवटच्या कडव्यात पहिल्या तारेवर चौथा फ्रेट दाबला जातो, म्हणजे शुद्ध गंधार. तिसरा दाबला असता तर कोमल आला असता. चौथ्या गाण्यात मुद्दाम रिकामी सोडलेली जागा तिथे भरते. कोणाच्या लक्षात येईल का, माहीत नाही, पण मला ते त्याच ठिकाणी हवंय.

सातवं गाणं अजून अर्धवट आहे, त्याचा अंतरा चालीत बसत नाहीये. रविवारी त्याला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून दोन फ्रेट वर गाऊन बघणार आहे. डॅडगॅडमध्ये कॅपो लावल्यावर तुमच्याही मधल्या तारा बेसूर होतात का? होत असतील तर तुम्ही काय करता ते नक्की सांगा.