माझदा ७८७बी, क्रमांक ५५: रविवारी दुपारी चार वाजताची गाडी

१:२४ प्रमाणातील माझदा ७८७बी या शर्यतीच्या गाडीच्या मॉडेलचे रंगकाम, डेकल (पाण्याने चिकटवायची चित्रे) आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) पूर्ण झाले असून काम आता वेदरिंगपर्यंत, म्हणजे मळ आणि झीज दाखवण्यापर्यंत, येऊन पोहोचले आहे. ग्रुप सी या शर्यतवर्गातील गाड्यांचे किट ज्यांनी बांधले आहेत त्यांना ठाऊक असेल की या टप्प्यावर गाडी अगदी चकचकीत दिसते आणि पुष्कळ जण येथेच हात आखडता घेऊन तिला कपाटात ठेवतात. मला ती तशी नको आहे. फ्रान्समधील ले मान्सची १९९१ची चोवीस तासांची शर्यत २२ जूनच्या शनिवारी दुपारी चार वाजता सुरू झाली आणि रविवारी दुपारी चार वाजता संपली; त्या शेवटच्या क्षणी ५५ क्रमांकाची गाडी ज्या अवस्थेत होती त्या अवस्थेत मला ती उभी करायची आहे. म्हणून तिच्यावरचा प्रत्येक डाग कोठून आला आणि तो किती तासांचा आहे हे सांगता आल्याशिवाय तो काढायचा नाही, असे मी ठरवले आहे. या नोंदीचा मोठा भाग त्याच हिशेबाचा आहे.

त्यासाठी शर्यत थोडी आठवावी लागेल. ग्रुप सीच्या त्या काळच्या नियमांत चोवीस तासांसाठी २,५५० लिटर इंधन ठरवून दिलेले होते, त्यामुळे नुसत्या वेगाला अर्थ नव्हता; प्रत्येक लिटरमागे किती अंतर कापले जाते यावर सगळे अवलंबून होते. मर्सिडीज सी११ आणि जॅग्वार एक्सजेआर-१२ यांना किमान १,००० किलो वजनाने धावावे लागत होते, तर ताकायोशी ओहाशी यांच्या माझदास्पीड संघाने रोटरी इंजिनाच्या (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरांवर चालणाऱ्या) गाडीसाठी ८३० किलोंची सवलत पदरात पाडून घेतली होती. नायजेल स्ट्राउड यांनी आखलेली ही गाडी १९व्या स्थानावरून सुटली आणि फोल्कर वायडलर, जॉनी हर्बर्ट व बर्ट्रां गाशो या तिघांनी ती तिच्या ताकदीपेक्षा तिच्या टिकाऊपणावर भरवसा ठेवून रात्रभर पुढे सरकवत नेली. आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या काही तासांत इंजिन तापून बाहेर पडली आणि ५५ क्रमांक पुढे आला. ३६२ फेऱ्या, म्हणजे सुमारे ४,९२३ किलोमीटर. मागे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर तीन जॅग्वार होत्या. जपानी कंपनीने ले मान्स जिंकण्याची ती पहिली वेळ होती, आणि त्यानंतर टोयोटाने २०१८मध्ये जिंकेपर्यंत दुसरी आली नाही.

इंजिनाचे काम आधीच्या टप्प्यात संपले, तरी त्याविषयी थोडे लिहिलेच पाहिजे, कारण मागचे झाकण बसवल्यावर ते दिसणार नाही. आर२६बी हे चार रोटरांचे इंजिन. एका रोटरची क्षमता ६५४ सीसी, चारांची मिळून २.६ लिटर, आणि शर्यतीसाठी ९,००० आरपीएमला सुमारे ७०० अश्वशक्ती. पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. प्रत्येक रोटरला तीन स्पार्क प्लग आहेत. म्हणजे बारा वायरी आल्या. किटमध्ये त्या नव्हत्या. मोबाइलच्या जुन्या चार्जरची केबल सोलून तिच्यातील तांब्याचे तंतू मी वेगळे केले, दोन-दोन तंतू एकत्र पिळले आणि त्यांवर पातळ रंगाचे दोन हात दिले. या प्रमाणात त्यांची जाडी डोळ्यांना बरोबर वाटते. फिरत्या वेगानुसार लांबी बदलणारे इनटेकचे नळे हे या इंजिनाचे खास वैशिष्ट्य होते. ते मी आखडलेल्या स्थितीत ठेवले आहेत.

एक्झॉस्टच्या रंगाबाबत माझे मत अनेकांना पटणार नाही. मॉडेलकारांना पाइपावर निळ्या-जांभळ्या छटा काढण्याची हौस असते, आणि नव्या पाइपावर त्या दिसतातही. रोटरीच्या एक्झॉस्टचा धूर पिस्टन इंजिनापेक्षा जास्त तापलेला असतो. त्या झळीत चोवीस तास भाजलेल्या पाइपावर या छटा इतक्या टवटवीत राहतील असे मला वाटत नाही. म्हणून मी करड्या रंगात थोडा तपकिरी मिसळून जवळजवळ निस्तेज थर दिला आणि निळी झाक फक्त जोडांच्या कडेला ठेवली. शर्यतीनंतर हे इंजिन उघडले तेव्हा त्याचे भाग अजूनही उत्तम स्थितीत असल्याचे आढळले होते. त्यामुळे तेलगळतीचे ओघळ काढण्याचा मोह मी इंजिनावर पूर्णपणे टाळला आहे.

बॉडीचे रंगकाम मुद्दाम पावसाळा सरेपर्यंत लांबवले होते. डोंबिवलीच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत लॅकर फवारला की तो वाळताना हवेतील ओलावा धरतो आणि पृष्ठभागावर पांढुरकी साय धरल्यासारखे दिसते; ऑक्टोबरच्या उन्हात हा त्रास राहत नाही. रेनॉन या प्रायोजक कंपनीची ती नारंगी-हिरवी रंगसंगती दिसायला सोपी आणि करायला किचकट आहे. नारंगी रंग अर्धपारदर्शक असल्यामुळे त्याखाली स्वच्छ पांढरा थर लागतो, नाहीतर तो मळकट विटकरी दिसू लागतो. पांढऱ्यावर नारंगी, मग नारंगी भाग झाकून हिरवा, असा क्रम ठेवला. टामियाची पिवळी टेप काचेवर चिकटवून, पोलादी पट्टीच्या आधाराने एक मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून आधी फक्त कडा आखून घेतल्या आणि उरलेला भाग नंतर रुंद टेपने भरला. हिरवा मारण्यापूर्वी टेपच्या कडेवरून पुन्हा एक हलका नारंगी हात फिरवला. टेपखाली जे काही झिरपायचे ते नारंगीच झिरपते आणि कड बंद होते. त्यावर मारलेला हिरवा मग सुरीने कापल्यासारखा निघतो. ही युक्ती जुनी आहे, पण चाकांच्या वरच्या गोलाईवर तिच्यावाचून काम होत नाही.

डेकलचा कागद पिवळा पडला होता. प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत बंद करून तो दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवला. उन्हाने पिवळेपणा उतरतो, फक्त पिशवीत ओल जाता कामा नये. पांढऱ्या रेघा आणि ५५चे आकडे नीट बसले. नाकाजवळच्या उतारावर सॉफ्टर (डेकल मऊ करणारे द्रावण) दोनदा लावावा लागला.

आता वेदरिंग. सर्वांत मोठी अडचण संदर्भाची आहे. मूळ गाडी माझदाकडे आजही जपून ठेवलेली आहे. २०११मध्ये विजयाच्या विसाव्या वर्षानिमित्त तिची डागडुजी करून तिला ले मान्सला पुन्हा पळवण्यात आले आणि स्वतः हर्बर्ट तिच्यात बसला. आज मिळणारी बहुतेक सुरेख, स्पष्ट रंगीत छायाचित्रे ही २०११मधील किंवा त्यानंतरची आहेत. आकार, रेघा, रिव्हेट यांसाठी ती अमूल्य आहेत. मळ कोठे होता हे सांगण्यासाठी मात्र ती निरुपयोगी आहेत, कारण गाडी तेव्हा धुतलेली, पुसलेली आणि डागडुजी केलेली होती. त्यामुळे मळासाठी मी केवळ १९९१च्या जूनमधील छायाचित्रे आणि शर्यतीचे चित्रण प्रमाण मानले आहे, आणि जेथे ते अपुरे पडते तेथे पिटमध्ये (शर्यतीत गाडी इंधन आणि टायरांसाठी थांबते तेथे) काय होत असे यावरून अनुमान केले आहे.

त्या अनुमानातून जी गोष्ट हाती लागली ती या कामाची किल्ली ठरली: शर्यत संपताना गाडीच्या प्रत्येक भागाचे वय सारखे नसते. बॉडीवर सगळे चोवीस तास साचलेले असतात. पुढची काच आणि दिवे पिटमध्ये थांबल्यावर पुसले जातात, म्हणून त्यांवरचा मळ काही फेऱ्यांचा. टायर बदलले जातात आणि टायरबरोबर चाकही बदलते, म्हणून रिमवरची काळी पूडही शेवटच्या टप्प्याचीच. आपण सहसा एकाच पातळ तपकिरी वॉशने गाडी वरपासून खालपर्यंत माखतो आणि त्यामुळे ती शर्यतीतून आलेली न दिसता गोदामातून काढल्यासारखी दिसते. वयाचा हा फरक दाखवला की मळ बोलू लागतो.

नाकापासून सुरुवात केली. ले मान्सच्या १३.६ किलोमीटरच्या वळशाचा बराचसा भाग हा एरवी रहदारीचा सार्वजनिक रस्ता आहे, आणि म्यूलसानची लांब सरळ वाट झाडीतून जाते. १९९०मध्ये तिच्यावर दोन शिकेन (वेग कमी करायला लावणारी वळणे) घातल्या गेल्या तरी गाड्या तेथे ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातच होत्या. जूनची ती वर्षातील सर्वांत लहान रात्रींपैकी एक रात्र, पण दिव्यांवर झेपावणाऱ्या किड्यांसाठी पुरेशी. काळपट तपकिरी आणि फिकट पिवळसर असे दोन पातळ रंग जुन्या टूथब्रशवर घेऊन, अंगठ्याने केस मागे ओढून सोडले की जे बारीक शिंतोडे उडतात त्यांतूनच किड्यांचे डाग साधतात. बॉनेटचा वरचा भाग आणि काच कागदाने झाकली, कारण किडे नाकाच्या पुढच्या कडेवर, आरशांच्या पुढच्या गोलाव्यावर आणि मागच्या पंखाच्या पुढच्या धारेवर चिरडतात, सपाट भागावर जवळजवळ नाहीत. शिंतोडे ओले असतानाच तर्जनीने काहींना मागच्या दिशेने किंचित ओढले. हा ओढ एका मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. तो लांबला की चिखल वाटतो.

खडी लागून उडालेल्या रंगाचे टवके स्पंजच्या तुकड्याने टिपले. तेथे मी चंदेरी रंग वापरलेला नाही. ही कार्बन-केव्हलारची बॉडी आहे, तिच्याखाली धातू नाही. टवक्यातून प्रायमरची फिकट छटा दिसेल किंवा खोल टवक्यात काळसर कार्बन.

पुढच्या चाकांमागची पट्टी मला सर्वांत आवडली. टायरांनी उडवलेले रबराचे तुकडे आणि रस्त्याची धूळ चाकाच्या कमानीमागून दरवाजाच्या खालच्या कडेपर्यंत पंख्यासारखी पसरते, आणि ती पूर्ण चोवीस तासांची असते. पातळ केलेल्या एनॅमलचे तीन थर दिले, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा गडद आणि आकाराने लहान, आणि त्यांवर सॉफ्ट पेस्टलची खडू ब्लेडने खरवडून मिळालेली काळी-करडी पूड कोरड्या ब्रशने बसवली. येथे नारंगी पट्टा लालसर तपकिरीकडे झुकतो आणि हिरवा तितकासा बदलत नाही, हे छायाचित्रांतही दिसते. पुडीवर मॅट कोट मारलेला नाही. मारला की पूड ओली होऊन नाहीशी होते. त्यामुळे गाडी बंद पेटीत ठेवावी लागेल आणि हात फक्त तळाला लावता येईल.

काचेवर उलट काम केले. आधी सगळी काच हलकी धुळकट केली आणि मग थिनरने किंचित ओल्या केलेल्या चपट्या ब्रशने मधला भाग पुसून काढला, जसा पिटमधला माणूस घाईत पुसेल तसा. कोपऱ्यांत आणि वायपरच्या मुळाशी धूळ राहू दिली. या काचेपाशी मी अंमळ जास्त वेळ घालवला आहे. शेवटचा टप्पा हर्बर्टने या काचेमागे काढला, आणि गाडीतून उतरल्यावर शरीरातील पाणी कमी होऊन तो इतका खचला होता की विजयमंचावर उभा राहण्याऐवजी त्याला वैद्यकीय उपचार घ्यावे लागले. मॉडेलमध्ये चालक नाही, आसन रिकामे आहे, पण त्या काचेतून किती दिसत होते हे अचूक असावे असे मला मनापासून वाटते.

चाकांचे काम निम्मे झाले आहे. कार्बनच्या ब्रेकमधून निघणारी पूड काळी आणि अतिशय बारीक असते, लोखंडी ब्रेकसारखी गंजकट नसते. तिच्यासाठी तपकिरी रंगाला हात लावलेला नाही. टायरांचा साच्यातून आलेला चकचकीतपणा ६०० नंबरच्या सँडपेपरने घालवला. वळसा घड्याळाच्या दिशेने असल्यामुळे उजवी वळणे अधिक आणि भार डाव्या टायरांवर अधिक, म्हणून डाव्या बाजूच्या टायरांचा बाहेरचा खांदा थोडा जास्त घासला आहे. पण थोडाच, कारण हे टायर रात्रभर धावलेले नाहीत.

मागची बाजू अद्याप कोरी आहे. एक्झॉस्टच्या तोंडाजवळची काजळी, मागच्या दिव्यांवरची धूळ आणि पंखाच्या खालच्या पृष्ठभागावरचा काळपटपणा हे तीन भाग उरले आहेत, आणि तिन्हींसाठी मागून घेतलेली, रविवार दुपारची छायाचित्रे हवी आहेत. शनिवारच्या सुटण्याच्या वेळची माझ्याकडे पुरेशी आहेत. ज्यांच्या संग्रहात त्या काळातील जपानी किंवा फ्रेंच मासिके आहेत त्यांनी मागच्या पंखाच्या बाजूच्या पाट्या जरूर पाहाव्यात: तेथे काजळी सरळ रेषेत बसते की वरच्या दिशेने वळते, एवढे समजले तरी पुढचे काम सुरू करता येईल. तोवर अॅक्रिलिकच्या पेटीचे माप पक्के करतो. गाडीची लांबी वीस सेंटिमीटरांच्या आसपास, रुंदी सव्वाआठच्या थोडी वर. चारही बाजूंनी तीन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली तर पूड न हलता झाकण उचलता येईल.