नववा दगड

"लेकरा, आधी तुझं यंत्र काय म्हणतंय ते सांग. मग मी सांगते."

आज औसा तालुक्यात विहिरीच्या काठावर बसलेल्या मावशी म्हणाल्या. पाण्याची खोली मोजणाऱ्या माझ्या सेन्सरच्या डब्यावर आकडा आला: पाणी ३ मीटर ८२ सेंटिमीटर खाली.

मावशींनी आत वाकून पाहिलं. "परवा नववा दगड पाण्यात होता. आज उघडा पडलाय. वरच्या शेतात नवी बोअर चालू झालीया."

सेन्सर जोडणं हा माझा रविवारचा छंद. आवाज पाण्यावर आपटून परत यायला लागणारा वेळ मोजायचा, एवढंच. उन्हाळ्यात हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, म्हणून तापमानाचा हिशेबही धरावा लागतो. ते जमलं, आणि गावातल्या पोरांबरोबर दर आठवड्याला विहिरी मोजायला लागलो. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, ते मनातून गेलेलं नाही.

आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये आणि मुरमात साठतं. एकाच भेगेवर दोघांच्या विहिरी किंवा बोअर असल्या की एकाचा उपसा दुसऱ्याच्या विहिरीत दिसतो. माझ्या डब्यानं पाणी किती उतरलं ते सांगितलं. का उतरलं, ते मावशींनी.

वहीत आज नवा रकाना आखलाय: 'दगड'.

तुमच्या गावात विहिरीचे दगड मोजणारं कोण आहे?