नाणेघाट: सोपाऱ्याच्या माणसानं दिलेलं टाकं

कल्याण–नगर रस्त्यानं मुरबाड, टोकावडे मागे टाकून वैशाखरे ओलांडलं की उजव्या हाताला नानाचा अंगठा हा सुळका दिसायला लागतो. पायवाट तिथूनच सुटते. आधी रान, मग छातीवर येणारी चढण आणि वरच्या टप्प्यात झिजलेल्या दगडी पायऱ्या. जुन्नरकडून घाटघरमार्गे गाडी थेट माथ्यावर जाते, पण माझं मत विचाराल तर नाणेघाट खालूनच चढावा. माल ज्या बाजूनं वर गेला, त्या बाजूनंच हा घाट कळतो.

माल यायचा समुद्रावरून. सोपारा, म्हणजे आजचं नालासोपारा, आणि कल्याण ही त्याची बंदरं. वसईच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर होड्या उल्हास नदीत कल्याणपर्यंत शिरायच्या. पुढे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट, माथ्यावर जुन्नरचा मुलूख आणि तिथून सातवाहनांचं पैठण. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात ही तिन्ही नावं येतात: सोपारा, कल्याण, पैठण. कल्याणला शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात गुजरातेतल्या भडोच बंदराला नेली जात, असंही तो लिहितो. म्हणजे बंदराबंदरांमधली ओढाताण तेव्हाही होतीच.

खिंडीच्या जरा अलीकडे लेणं लागतं. डाव्या-उजव्या भिंती ब्राह्मी अक्षरांनी भरलेल्या. १८२८ मध्ये कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या लेखाकडे लक्ष वेधलं, त्याला आता जवळजवळ दोनशे वर्षं होत आली. लेख नागनिका राणीचा, सातवाहन राजा सातकर्णीच्या पत्नीचा. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता राहिल्यात पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं.

लेखात काय आहे? यज्ञ आणि दक्षिणा. ११०१ गाई, २४,४०० कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी, घोडे, हत्ती. हे आकडे ब्राह्मी अंकांत कोरलेत, म्हणून गणिताच्या इतिहासवाल्यांनाही या भिंतीचं अप्रूप. पण जेवढा लेख वाचता येतो, त्यात रस्त्याबद्दल अवाक्षर नाही. वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येकाला घराण्याचं ऐश्वर्य दिसावं, एवढाच हिशेब असणार. आजचे चौकातले होर्डिंगवाले याच राणीचे वारसदार!

माथ्यावरच्या दगडी रांजणाभोवती नेहमीप्रमाणे फोटोंची झुंबड होती. जकातीची नाणी यातच टाकायचे, हे प्रत्येक गटप्रमुख आपापल्या गटाला सांगत होता. असेलही.

मला मात्र ओढ टाक्यांची होती. लेण्यालगत आणि वाटेवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. घाटातल्या अशा एका टाक्याचा लेख अभ्यासकांनी नोंदवलाय. अगदी एका ओळीचा: हे टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान. ना यज्ञ, ना हत्ती. बंदरावरच्या माणसानं एवढ्या उंचीवर पाण्याची सोय का करावी? माझा अंदाज असा, की त्याचा माल इथून जात असावा आणि तहानलेली जनावरं त्यानं डोळ्यांनी पाहिली असावीत. दुसऱ्या एका टाक्यावर कामवन गावच्या दामघोषाचं नाव आहे. खाडी आणि घाट मिळून एकच वाट होती, हे मला राणीच्या लांबलचक लेखापेक्षा या दोन माणसांनी जास्त नीट सांगितलं.

माथ्यावर ताक विकणाऱ्या मामांना विचारलं, "मामा, उन्हाळ्यात टाक्यांना पाणी असतं का?"

"काहींना असतं की. पण तुम्ही मंडळी त्यात पाय धुता, मग आम्ही प्यायचं काय?"

ताक झकास होतं. आम्ही टाक्यातून बाटल्या भरून घेतल्या, चपला लांब काढून, आणि ऊन चढायच्या आत उतरायला लागलो. नालासोपाऱ्याला उतरून तिथला स्तूप बघायचं अजून बाकी आहे. तिथे लोकलनं जाता येतं, गुडघ्यांना तेवढाच आराम.