मंगळवारचा

आमच्या माई, म्हणजे माझ्या सासूबाई, ८६ वर्षांच्या आहेत. झोप कमी आणि कान तिखट. गेल्या वर्षी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, रात्री अकराच्या सुमारास त्यांनी हाक मारली, "अगं, त्या आतल्या खोलीत काय घरघरून राहिलंय? कूलर बंद करायचा राहिला का?"

नोव्हेंबरात कूलर कुठला! आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, तोवर कूलर जुन्या चादरीत गुंडाळून झालेला असतो. (आणि हो, 'घरघरून राहिलंय' हेच बरोबर आहे. पुण्याच्या पाहुण्यांनी खुशाल हसावं. ग्वाल्हेरात पंखा फिरून राहतो, दूध उतू जाऊन राहतं, आणि आम्ही दोनशे वर्षं असंच बोलून राहिलो आहोत.)

घरघरत होता तो मुलाचा डेस्कटॉप. मुलगा नोकरीला पुण्याला गेला तो लॅपटॉप घेऊन. हा गेम खेळायला हौसेने जुळवलेला मोठा डबा मागे राहिला, त्याच्या बॅटसारखा आणि न वाचलेल्या गाइडांसारखा.

"कॉम्प्युटर चालू आहे, माई."

"कोण बसलंय?"

"कोणी नाही."

"मग?"

या 'मग'चं उत्तर द्यायला मला आठवडा लागला. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. दहावीच्या पोरांना प्रमेयं पटवली, पण रिकाम्या खुर्चीसमोरचा कॉम्प्युटर रात्रभर का चालतो हे माईंना पटवणं वेगळं.

माझं हे वेड तसं जुनं. १९९९ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाने 'सेटी अ‍ॅट होम' सुरू केलं. पोर्तो रिकोमध्ये आरेसिबो इथे डोंगरातल्या खळग्यात ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. ती आकाशातून जे ऐके ते टेपांवर उतरायचं, आणि त्या टेपा चक्क पोस्टाने बर्कलेला जायच्या. तिथे त्यांचे बारीक तुकडे व्हायचे. एक तुकडा १०७ सेकंदांचा, साधारण साडेतीनशे किलोबाइट. असा एकेक तुकडा जगभरच्या घरांत जायचा. तुम्ही चहाला उठलात, स्क्रीनसेव्हर लागला, की तुमचा कॉम्प्युटर त्या तुकड्यात परग्रहावरून कुणी हाक मारतंय का ते चाळायला घ्यायचा.

आमच्याकडे २००१ मध्ये पहिला कॉम्प्युटर आला आणि लगेच मी हे लावून घेतलं. डायल-अपचे दिवस. तुकडा उतरवून घ्यायला दोन-तीन मिनिटं लागायची, आणि नेमक्या त्याच वेळी भोपाळहून नणंदेचा फोन यायचा, तो एंगेज. "वहिनी, कुणाशी बोलत असतेस इतकं?" आता काय सांगणार, परग्रहवासीयांशी?

परग्रहवासी सापडले नाहीत. पन्नास लाखांहून जास्त माणसांनी वीस वर्षं शोधलं, कुणालाच सापडले नाहीत. ३१ मार्च २०२० ला नवे तुकडे पाठवणं बंद झालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या तारखेला आरेसिबोच्या दुर्बिणीवरचं अवजड सामान तुटून खालच्या तबकडीत कोसळलं. बातमी वाचली तेव्हा जुन्या शेजाऱ्यांचा वाडा पडल्यासारखं झालं. मी ग्वाल्हेरची, ती दुर्बीण कधी पाहिलेली नाही. पण तिचं धान्य आमच्या जात्यावर दळलं गेलं होतं.

सध्या आमच्याकडे येतात ते 'आइन्स्टाइन अ‍ॅट होम'चे तुकडे. हा उपक्रम २००५ पासून चालू आहे. ही कामं 'बॉइंक' नावाच्या प्रोग्रॅममधून येतात. शोधायचे असतात न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठा तारा फुटून संपल्यावर उरलेला त्याचा आकसलेला गाभा. व्यास वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे आमच्या घरापासून बानमोरपर्यंत, आणि वजन सूर्याहून जास्त! त्यातले काही स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतात की मिक्सर लाजेल. २०१० मध्ये असा एक सापडला, सेकंदाला ४१ फेऱ्या मारणारा, १७ हजार प्रकाशवर्षांवर. आरेसिबोच्याच नोंदींत तो दडलेला होता. आणि कुणाच्या कॉम्प्युटरवर सापडला? अमेरिकेत आयोवामधल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीत माइन्झमधल्या एका गृहस्थाच्या. ही बातमी वाचून महिनाभर मी रोज सकाळी दात घासण्याआधी मॉनिटर लावून पाहत असे. 'हे' म्हणाले, "लॉटरीचं तिकीट घेतलंस तर निदान पेपरात आकडा येतो."

दुसरा शोध आहे गुरुत्वलहरींचा, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालीने अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचा. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या 'लायगो' वेधशाळेच्या यंत्रांनी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याचा धक्का पहिल्यांदा टिपला, ते सगळ्यांनी वाचलं असेल. तो एक दणका होता. आमच्या घरी चालतो तो फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या बारीक, अखंड गुणगुणण्याचा शोध, तानपुरा लागलाय का ते ऐकावं तसा. अजून लागलेला नाही. तसलीच एक लायगो आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. हे सगळं मी माईंना सांगितलं. त्यातलं औंढा नागनाथ त्यांनी पकडलं. "ज्योतिर्लिंग आहे ते. चांगलं काम आहे मग."

पण खरं उत्तर शेवटी माईंनीच शोधलं. मी म्हणत होते की हे तुकडे लांबून येतात, आपल्याकडे त्यांचा हिशेब होतो आणि निघून जातात. कुणाचे, पुढे कुठे जातात, आपल्याला दिसत नाही. माई म्हणाल्या, "म्हणजे मंगळवारचाच की!"

माईंचं माहेरही लष्करातलंच, दौलतगंजातला चौकाचा वाडा. त्यांच्या लहानपणी, शिंद्यांचं राज्य होतं तेव्हा, शाजापूर-शिवपुरीकडून शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवायची. सात वार, सात घरं. यांच्याकडे मंगळवारचा यायचा. त्याचं नाव माईंना माहीत नव्हतं, बहुधा त्यांच्या आईलाही नसावं. "मंगळवारचा आला का गं?" इतकीच त्याची ओळख. यायचा, विहिरीशी पाय धुवायचा, पानावर बसायचा, मुकाट जेवायचा, स्वतःचं पान स्वतः उचलायचा. बुधवारी कुठे जातो, तिथे काय वाढतात, हे विचारायची रीत नव्हती. आमटी खारट झाली तरी त्याने कधी म्हटलं नाही, आणि गोड काही केलेलं असलं तरी दुसऱ्यांदा मागितलं नाही. पुढे त्याचं काय झालं? "कुणास ठाऊक. शिकला असेल."

तेव्हापासून आमच्या घरात बॉइंकला मंगळवारचा म्हणतात.

मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "हो ना माई, आणि आपलं काही जातही नाही. मशीन नुसतं बसलेलं असतं, वाया जाणारी ताकद कुणाच्या तरी कामी येते."

त्यावर त्या जरा तुटकपणे म्हणाल्या, "उरलेलं वाढत नव्हतो आम्ही. मंगळवारी कणीक जास्तच भिजायची."

हे लागलं. कारण गेली वीस वर्षं मी सगळ्यांना 'आपलं काही जात नाही' असंच सांगत आले होते. मग प्लगमध्ये लावायचं वॅट मोजणारं मीटर आणलं. मशीन नुसतं चालू असताना ४५ वॅट, मंगळवारचा जेवायला बसला की ११०. म्हणजे ६५ वॅटची जास्तीची कणीक. रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला साडेएकोणीस युनिट, युनिटला सात रुपये लावले तर १३६ रुपये पन्नास पैसे. १९९९ च्या आसपास 'फुकट'मध्ये थोडं तथ्य होतं. तेव्हाचे प्रोसेसर काम असो नसो, बऱ्यापैकी वीज खात. आताचे काम नसलं की डुलकी काढतात, त्यांना उठवून कामाला लावलं की खातात. हा हिशेब मी यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बिल दोनदा उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "थंडीत तिळाच्या गजकवर याहून जास्त जातात." मंजुरी समजून मी तो विषय तिथेच संपवला.

शिवाय ते ६५ वॅट कुठे हवेत विरत नाहीत, खोलीतच उष्णता होऊन राहतात. जानेवारीत ग्वाल्हेरची थंडी हाडात शिरते, दुपारी बारापर्यंत धुकं. त्या महिन्यात घरातली सगळ्यात ऊबदार जागा म्हणजे त्या डब्याची मागची बाजू. माईंचे लोकरीचे मोजे धुतले की त्याच्या पंख्याच्या झोतासमोर, खुर्चीच्या पाठीवर वाळायचे. एकदा मुलाने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं. ग्राफिक्स कार्डासमोर मोजे! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

एक तुकडा एकाच घरी देऊन भागत नाही, हेही मला आवडतं. घरचा कॉम्प्युटर चुकू शकतो, कुणी मुद्दाम खोटं उत्तरही पाठवेल. म्हणून तोच तुकडा दुसऱ्याही कुणाकडे जातो, आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच पावती. शाळेत आम्ही पेपरांचं मॉडरेशन करायचो त्याचीच ही थोरली बहीण. माझं उत्तर वेळेत जातं, पण जोडीदार कधीकधी आठवडा लावतो. तोवर माझं क्रेडिट, म्हणजे कामाचे गुण, लोंबकळतं. या क्रेडिटचं पुढे काय मिळतं? काही नाही. तरी मी रोज पाहते.

मध्यंतरी गणिताच्या ओढीने मी 'जिम्प्स'कडेही गेले होते. १९९६ पासून चाललेला हा मोठमोठ्या मूळ संख्यांचा शोध: दोनचा अमुक घात, उणे एक, ही संख्या मूळ आहे का ते तपासायचं. एकेका संख्येला आमचा डबा आठवडेच्या आठवडे घ्यायचा. २०२४ च्या ऑक्टोबरात नवी सापडली, चार कोटी दहा लाख अंकांहून लांब. पण ती सापडली जगभर भाड्याने घेतलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरांवर. आधीची २८ वर्षं हे शोध साध्या कॉम्प्युटरांवर लागत होते, ती सद्दी संपली. मला राग नाही आला, पण मजा गेली. पंगतीत केटरर शिरल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात नात्यातली मुलं किल्ला बघायला आली, तेव्हा चढावर चतुर्भुज मंदिराशी थांबलो. तिथल्या शिलालेखात, इसवी सन ८७६ चा आहे तो, देवाला दिलेली २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बाग आहे आणि रोजच्या ५० माळा आहेत. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आजच्यासारखंच गोल आहे, शेजारच्या अंकांपेक्षा थोडं बुटकं. मी मुलांना सांगितलं, २०२० च्या वसंतात कोविडच्या विषाणूची प्रथिनं समजून घ्यायला लोकांनी 'फोल्डिंग अ‍ॅट होम'ला घरचे कॉम्प्युटर दिले. ते सगळे मिळून सेकंदाला जितक्या आकडेमोडी करत होते, ते लिहायला एकावर अशी अठरा शून्यं लागतात. मुलांपैकी एकाने विचारलं, "रोज ५० माळा कोण करत होतं?" या प्रश्नापुढे माझी अठरा शून्यं फिकी पडली. कुणी तरी माळीच असणार, रोज, न चुकता.

एप्रिल सरला. पारा ४३ वर गेला, लाइट दिवसातून तीनदा जायला लागली आणि यूपीएस अर्ध्या रात्री टिटवीसारखा ओरडू लागला. लाइट गेली तरी केलेलं काम फुकट जात नाही. मशीन मधूनमधून खूण ठेवतं आणि पुन्हा तिथूनच धरतं. पण खोलीत बसवेना. थंडीतली शेगडी आता नको झाली. बॉइंकमध्ये 'नवं काम नको' अशा अर्थाचं एक बटण आहे. मला ते दाबायला अपराधी वाटत होतं. माई म्हणाल्या, "त्यात काय? उन्हाळ्यात पोरं गावी जायची. वार बंद. पाऊस पडला की पुन्हा यायची."

बटण दाबलं. हातातला शेवटचा तुकडा तेवढा पुरा व्हायचा होता. रात्री साडेअकराला ९६ टक्के झाला होता. मी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, खिडकीची खसची ताटी भिजवली आणि मॉनिटरसमोर बसले. ९८. ९९. मग उत्तर वर गेलं, यादी रिकामी झाली. मशीन बंद केलं, तसा पंख्याचा आवाज उतरत उतरत थांबला.

बाजूच्या खोलीतून माईंचा आवाज आला, "गेला का?"

"गेला, माई."

"जेवून गेला ना?"

"हो. पूर्ण."

"बरं," म्हणाल्या आणि कूस बदलली.